ईशान्येच्या घरी ठेवलेली बॅग

दार वाजलं तेव्हा अखिलाच्या एका हातात नववीच्या मुलींच्या उत्तरपत्रिका होत्या आणि दुसऱ्या हातात लाल पेन. एप्रिलातला बुधवार, सकाळचे साडेदहा, आणि तंजावरचं ऊन तेवढ्यातच पायरीवर ठाण मांडून बसलेलं. दार उघडलं तर आधी बॅग दिसली, बॅगेखालचा माणूस मागाहून. निळी, उंच, डोक्याच्याही वर गेलेली, छातीवर आणि कमरेवर पट्ट्यांनी आवळलेली. असल्या बॅगा पाठीवर घेतलेले गोरे लोक राजवाडा शोधता शोधता आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या गल्लीत शिरायचे. अखिलानं सवयीनं इंग्रजीत सांगून टाकलं, की राजवाडा त्या बाजूला, पहिल्या वळणावर उजवीकडे, आणि डोक्यावर टोपी घाला.

"टोपी बॅगेंत आहे," तो माणूस मराठीत म्हणाला. "आणि राजवाडा मी पाहिलेला आहे. तुमच्याच घरीं आलों आहें."

तंजावरात मराठी घरं ती किती... त्यातल्याच एका घरच्या माणसाला आपण रस्ता दाखवला, हे लक्षात येऊन अखिलाचे कान तापले. हा पलीकडच्या गल्लीतल्या नागलक्ष्मीअम्मांचा जयतीर्थ. शिक्षण आणि नोकरी मिळून आठ वर्षं मद्रासला काढलेला, म्हणून ओळखू आला नाही एवढंच. त्यानं बॅग उतरवून उंबऱ्याशी ठेवली आणि जरा ओशाळून सांगितलं, की प्रस्थान ठेवायला आलों.

प्रस्थान म्हणजे काय ते अखिलाला कुणी सांगायला नको होतं. तरी बाळकृष्णराव, म्हणजे तिचे अप्पा, झोपाळ्यावरून उठले आणि त्यांनी सगळं रीतसर विचारून घेतलं. मुलगा शुक्रवारी थायलंडला निघणार. सुरेंद्र नावाच्या मित्राबरोबर महिनाभर पाठीवर बॅग टाकून फिरायचं, आणि तिथूनच परस्पर सिंगापूरला नोकरीवर रुजू व्हायचं, तीन वर्षांसाठी. पण तुळजाराम ज्योतिषांनी पंचांग उघडून शुक्रवारवर काट मारली होती. तिकीट तर काढलेलं. मग यावर आपल्याकडे जो जुना तोडगा आहे तो नागलक्ष्मीअम्मांनी काढला: चांगल्या वेळेला सामान घराबाहेर काढायचं, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं, आणि माणसानं नंतर सवडीनं निघताना ते तिथूनच उचलायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. हे सात दिवस चालतं. त्या सात दिवसांत माणूस घरी जेवो, झोपो, काहीही करो. सामान मात्र पुन्हा घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आलं तर यात्रा मोडली.

"एक पंचा ठेवला असतास तरी चाललं असतं," अप्पा म्हणाले.

जयतीर्थ म्हणाला, की अम्माही तेच म्हणाली, पण मला पाठीवर वजन कसं बसतं ते पाहायचं होतं. बॅग त्यानं एका परत निघालेल्या जर्मन प्रवाशाकडून विकत घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. कपडे, साबण, दाढीचं सामान, चष्मा, मार्गदर्शक पुस्तक, सगळं तिच्यात कोंबून तो दोन गल्ल्या चालत आला होता. आता शुक्रवारपर्यंत दाढी कशानं करणार, हे त्याला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मोठ्या कंपनीत यंत्रांची आखणी करणारा माणूस होता तो.

"पण आमचं घर बरोबर दिशेला आहे काय?" अखिलानं विचारलं. "मद्रास उत्तरेला. थायलंड पूर्वेला."

"अम्मांनीं दोन्हींचा मध्य काढला. ईशान्य."

"तसं म्हटलं तर बँकॉक येथून पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. ईशान्य म्हणून नव्हे." ती भूगोलाची शिक्षिका होती, तिच्याच्यानं राहवलं नाही. "पण परवाइल्लै. चालेल."

तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहून हसला. बॅग झोपाळ्यामागच्या भिंतीशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करायला आला. वस्तरा बॅगेत, बॅग इथे, आणि बॅगेतलं काही घरी न्यायचं नाही, असा त्याचा अप्पांपुढे युक्तिवाद. कोपऱ्यावरच्या दुकानात वस्तरे टांगलेले असायचे आणि ते येताना त्याच्या वाटेतच होतं, पण ही गोष्ट कुणीच काढली नाही. मागच्या अंगणात विहिरीच्या काठावर त्यानं आरसा टेकवला, तोंडाला फेस फासला, आणि अखिला स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्ता निवडत बसली. एवढासा कढीपत्ता निवडायला तिला त्या दिवशी बराच वेळ लागला.

शुक्रवारी तो निघायचा, पण गुरुवारी संध्याकाळी मद्रासहून फोन आला. सुरेंद्रला कांजिण्या. त्यांच्या दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. आता तो तीन आठवडे हलणार नव्हता. जयतीर्थनं एकट्यानं जायचं ठरवलं आणि तिकीट बदलून घेतलं. मद्रासची गाडी मंगळवारी संध्याकाळची. सातवा दिवस. बरोब्बर बसत होतं. नागलक्ष्मीअम्मांनी बोटं मोजून होकार दिला आणि जयतीर्थला आणखी चार दाढ्या मिळाल्या.

त्या चार दिवसांत काय झालं ते सांगण्यासारखं फारसं नाही. मार्गदर्शक पुस्तक बॅगेतून बाहेर आलं आणि झोपाळ्यावर राहिलं. त्यात त्यानं आपल्या प्रवासाचा बेत एका कागदावर लिहून ठेवलेला होता; अखिलानं तो उत्तरपत्रिकेसारखा वाचला आणि पेन्सिलीनं तपासला.

"हें असं केलं तर तुम्हांला दोनदां बँकॉकला परत यावं लागतंय," ती म्हणाली. "आधीं उत्तर करा. अयुथ्या, मग फित्सानुलोक, मग च्यांग माय. मे महिन्यांत तेथें ऊन असं असतं कीं..."

"तंजावरापेक्षां?"

"तंजावराएवढंच. पण तें परकं ऊन."

"तुम्ही गेलां आहांत काय तेथें?"

"मी तिरुचीच्या पलीकडं गेलें नाहीं."

"मग एवढं कसं ठाऊक?"

"नकाशा काय जाणाऱ्यांनाच दिसतो?" तिनं विचारलं, आणि पेन्सिल कानामागे खोचली.

हे ती थट्टेत बोलली, पण थट्टा नव्हती. आशिया खंड शिकवताना तिनं फळ्यावर थायलंड इतक्या वेळा काढलं होतं, की डोळे मिटून काढता आलं असतं. एकदा सहलीला मुलींना घेऊन ती नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर गेली होती आणि पाण्याकडे हात करून म्हणाली होती, की इथून सरळ, अगदी सरळ गेलं की थायलंड. मुलींनी माना डोलावल्या आणि भेळ खायला गेल्या. अखिला मात्र तिथे जरा जास्त वेळ उभी राहिली. आई नव्हती, अप्पा साठी ओलांडलेले, नोकरी गावातली. तिचं जाणं हा विषय त्या घरात कधी निघाला नव्हता आणि तिनंही तो काढला नव्हता.

शनिवारी जयतीर्थ दाढी अर्धी सोडून, अर्ध्या गालाला फेस तसाच, पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, की फित्सानुलोकहून सुखोथायला बस असते असं तुम्ही लिहिलंय, ती किती वाजता? तिला हसू आलं. ते हसू आवरता आवरता तिला कळलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. थोडाथोडका नाही. मंगळवारी तो जाणार आणि बुधवारपासून ही खिडकी नुसती खिडकी राहणार.

रविवारी तो म्हणाला, "तिकडून तुम्हांला पत्र पाठवीन. कोठें कोठें गेलों तें लिहीन. तुमच्याच रस्त्यानें जाणार ना..."

"पाठवा," ती म्हणाली.

तिला राग आला. तो जातोय म्हणून आला, की आपण आखलेल्या रस्त्यानं आपल्यावाचून जातोय म्हणून आला, हे तिला नीट वेगळं करता येईना. जाऊ नका असं म्हणायला तिची त्याच्याशी ओळख पाच दिवसांची. मलाही न्या असं म्हणायला तर तोंडच नव्हतं. म्हणजे बोलून काही होणार नव्हतं. राहिली ती बॅग.

सोमवारी दुपारी बारा वाजता, अप्पा जेवून आडवे झाल्यावर, अखिलानं ती बॅग उचलली. आधी हातानं उचलून पाहिली, जमेना. मग झोपाळ्यावर ठेवली, पाठ करून बसली, पट्ट्यांत हात घातले आणि उठली. पदर खोचला. बॅग तिच्याहून रुंद होती. ती दार ओढून रस्त्यावर आली.

रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं आणि निवडणुकीची एक रिक्षा कर्ण्यातून ओरडत चालली होती. सायकल दुरुस्तीवाला हातातलं काम थांबवून बघत राहिला. दोन बायका खिडकीत आल्या. शाळेची भूगोलाची टीचर पाठीवर गोऱ्या माणसाची बॅग घेऊन भर उन्हात चालली आहे, हे त्या गल्लीत पूर्वी घडलेलं नव्हतं. अखिलाला त्याचं काही वाटलं नाही. पट्टे खांद्यात रुतत होते, पाठीवरून घाम चालला होता, आणि तिला मोठी मजा वाटत होती. दोन गल्ल्यांपुरती का होईना, ती निघाली होती. वळणावर एकदा मनात आलं, की उजवीकडे न वळता सरळ गेलं तर स्टेशन आहे. पण ती उजवीकडेच वळली.

नागलक्ष्मीअम्मा दिवाणखान्यात तांदूळ पाखडत होत्या. अखिला उंबरा ओलांडून आत आली, मधोमध बॅग उतरवली आणि घरात ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणाली, की आमच्याकडे उद्या पाहुणे यायचे आहेत, जागा नाही, म्हणून आणून दिली.

नागलक्ष्मीअम्मांच्या हातातलं सूप खाली आलं. त्या बॅगेकडे पाहत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. ओरडतील, रागावतील, एवढं अखिलानं धरलं होतं; हे धरलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुला कुणीं सांगितलं नव्हतं काय, पोरी?"

"काय?" अखिला म्हणाली.

"आई नाहीं तुला. कोण सांगणार." आणि त्यांनी तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं.

ते पाणी पिताना अखिलाला आपण काय करून बसलो ते कळलं. सगळं कळलं नव्हतं. ते दोन दिवसांनी, अप्पांकडून. जयतीर्थच्या वडिलांचं असंच प्रस्थान एकदा ठेवलेलं होतं आणि विसरलेली एक फाइल घ्यायला ते सामानासकट घरात परत आले होते. तसेच मग गेले, आणि त्या प्रवासातून घरी आले ते चार माणसांनी आणले. हे अप्पांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. अखिला तेव्हा सात वर्षांची होती.

जयतीर्थ असल्या गोष्टी मानणारा नव्हता. मंगळवारी सकाळी त्यानं अम्मांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, जा. अडवलं नाही, रडल्या नाहीत, नुसत्या बॅगेतून एकेक शर्ट काढून घड्या घालत बसल्या. घड्या घालून झाल्यावर पुन्हा मोडून पुन्हा घातल्या. संध्याकाळची गाडी त्याच्यावाचून गेली. कत्तिरी, म्हणजे मे महिन्यातले ते भाजून काढणारे पंचवीस दिवस, संपेपर्यंत दुसरा मुहूर्त नव्हता आणि सिंगापूरवाले तोवर थांबायला तयार नव्हते. त्यांनी दुसरा माणूस घेतला. जयतीर्थ जूनपासून तिरुचीच्या एका कारखान्यात जाऊ लागला, सकाळच्या बसनं, पाठीवर तीच बॅग घेऊन. तिच्यात आता जेवणाचा डबा असायचा.

ऑक्टोबरात पाऊस सुरू व्हायच्या सुमारास नागलक्ष्मीअम्मांनी बाळकृष्णरावांकडे मागणी घातली. का घातली, ते कुणी विचारलं नाही. जयतीर्थ हो म्हणाला, अखिला हो म्हणाली, गोत्र जुळत नव्हतं म्हणजे सगळं जुळलं, आणि तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, लग्न झालं. चांगलं झालं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं ते लग्नानं कमी झालं नाही, असं पुष्कळांचं होत नाही. तो हो का म्हणाला हे मात्र तिला कधी विचारता आलं नाही, कारण तो प्रश्न ओढला की त्याच्या मागोमाग दुसरा आला असता.

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली आणि दोघं थायलंडला निघाली. तोवर मद्रासचं चेन्नई झालं होतं. यावेळी प्रस्थान अप्पांच्या घरी दोन पंचे, एकावर एक. नागलक्ष्मीअम्मांनी ते स्वतः नेऊन ठेवले आणि निघायच्या दिवसापर्यंत रोज जाऊन पाहून आल्या.

रस्ता अखिलाचा होता, पेन्सिलीनं आखलेला. आधी उत्तर. तिच्या पाठीवर आता तिची स्वतःची बॅग होती, लाल, चेन्नईत घेतलेली. बँकॉकच्या स्टेशनावर तिनं तक्ता वाचला, फलाट शोधला, तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. जयतीर्थ मागे मागे आला आणि म्हणाला, की मी तुझ्याबरोबर आलोंय, कीं तूं माझ्याबरोबर, हें घरीं विचारलं तर काय सांगूं? ती म्हणाली, "खरं तें सांगा. सामान म्हणून आणलं, म्हणून सांगा."

ऊन तिनं सांगितलं होतं तसंच निघालं. तंजावराएवढंच, आणि परकं. अयुथ्याला भाड्याच्या सायकलींवरून पडक्या विटांच्या देवळांमधून फिरताना दुपारी सावलीसुद्धा तापलेली असायची. माशाच्या पाण्यावाचून इथे भाजीही शिजत नाही हे कळल्यावर दोघांनी दोन दिवस नुसत्या आंब्यावर आणि नारळाच्या दुधातल्या चिकट भातावर काढले, आणि तिसऱ्या दिवशी अम्मांनी दिलेला पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, मसाला उघडला. खाणावळीच्या बाईनं तो चाखून पाहिला आणि मूठभर मागून घेतला. संध्याकाळी नदीच्या काठावर बसलं की तो तिच्या उन्हानं सोललेल्या मानेला ओला रुमाल लावायचा, न बोलता, इकडेतिकडे पाहत. थाई बायका हसायच्या. अखिला इतकी सुखात कधी नव्हती, आणि त्याचंच तिला भय वाटायचं.

कारण जयतीर्थला एक खोड लागली होती. जिथे मुक्काम पडेल तिथे पाठीवर बॅग घेतलेली जोडपी भेटायची, आणि तुमचं कसं जमलं, असं कुणी विचारलं रे विचारलं की तो ती गोष्ट सांगायचा. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. ते परत घरात आणायचं नाही. आणि या बिचारीला ठाऊकच नव्हतं. भर उन्हात, पाठीवर घेऊन... एवढ्या प्रेमानं सांगायचा, की ऐकणारे आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. बँकॉकला एकदा सांगितली. अयुथ्याला दोनदा. दुसऱ्या खेपेला एका डच मुलीनं डोळे पुसले आणि अखिलाला मिठी मारून म्हणाली, की किती निष्पाप होतीस तू.

फित्सानुलोकला ती दोघं च्यांग मायच्या गाडीसाठी थांबली होती. सुखोथाय पाहून झालं होतं. दुपारचे साडेबारा, फलाटावर पंखे फिरत होते आणि वारा येत नव्हता. शेजारच्या बाकावर कॅमेरा घेतलेला एक म्हातारा प्रवासी बसला होता; त्यानं हसून मान हलवली आणि जयतीर्थनं तोंड उघडलं. ती गोष्ट आता पुन्हा येणार हे अखिलाला त्याच्या बसण्यावरूनच कळलं.

"मला ठाऊक होतं," ती मराठीत म्हणाली.

"काय?"

"बॅग परत न्यायची नसते, तें. मला सगळं ठाऊक होतं. पाहुणे येणार नव्हते. तुम्ही जाऊं नयें म्हणून नेली." तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "तुमच्या अप्पांचं ठाऊक नव्हतं. तें मागाहून कळलं. तें ठाऊक असतं तर... नसती नेली. पण बाकीचं ठाऊक होतं."

म्हाताऱ्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, ते त्यानं हळूच आवरलं. मग जयतीर्थ उठला आणि फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला, जिथे छप्पर संपतं तिथून पुढे, उन्हात. टोपी बाकावरच राहिली. ती घेऊन मागे जावं असं तिला वाटलं. पण दोन बॅगा होत्या, कुणीतरी त्यांच्यापाशी बसायला हवं होतं.

च्यांग मायची गाडी आली. तो हलला नाही. ती पण हलली नाही. म्हातारा चढला, खिडकीतून त्यानं एकदा वळून पाहिलं, आणि गाडी गेली. पुढची तीन तासांनी होती, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं तिकिटांकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये दोन बॅगा.

"अम्मांना हें ठाऊक आहे?"

"नाहीं."

"तिला सांगूं नकोस. तिला तूं आवडतेस." मग तो म्हणाला, "त्या दिवशीं तिनें माझे शर्ट सात वेळां घडी घातले, अखिला. मी मोजले."

ती रडली. तो रडू नकोस म्हणाला नाही, आणि ते तिला बरं वाटलं. तो खरंच रागावला होता, आणि राग आला की तो बोलणं कमी करतो, मोठं करत नाही, एवढं तिला लग्नाच्या तीन महिन्यांत कळलेलं होतं. कापलेल्या कैऱ्या विकणारी एक बाई आली, दोघांकडे पाहून न ओरडता पुढे गेली.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर राहिलां असतां?"

खोटं बोलणं सोपं होतं आणि बोलला असता तर तिनं ते आयुष्यभर जपलं असतं.

"नाहीं," तो म्हणाला. "गेलों असतों. तूं मला आवडली होतीस, वस्तरा काय दुकानांत मिळत नव्हता? पण गेलों असतों. सिंगापुराहून दोन पत्रं पाठवलीं असतीं. तिसरं... ठाऊक नाहीं."

अखिलानं मान हलवली. हे तिला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर तिनं विचारलं नव्हतं.

"म्हणजे तूं नेलीस तें वाईट केलंस," तो म्हणाला, "आणि नेली नसतीस तर मी येथें नसतों. आतां याचं काय करायचं तें मला कळत नाहीं."

"मलाही."

"पुन्हां असं कांहीं करायचं नाहीं. जें असेल तें तोंडानें बोलायचं. सरि? कबूल?"

"सरि."

मग त्यानं मधली निळी बॅग उचलून पलीकडे ठेवली, आणि लाल बॅग उचलून तिच्यावर ठेवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकला. त्याचा दंड तिच्या दंडाला लागला, उन्हानं भाजलेला.

"आतां विचार," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हां विचारायचं राहिलं तें."

ती त्याच्याकडे पाहायला लागली. तो पाहत नव्हता. फलाटावरच्या घड्याळाकडे पाहत होता, पण त्याचा कान तिच्याकडे होता. इतकं साधं वाक्य. दोन गल्ल्या भर उन्हात ती चौदा किलो घेऊन चालली होती ती हे एवढं वाक्य म्हणायला लागू नये म्हणूनच.

"मला टाकून जाऊं नका," ती म्हणाली.

"नाहीं जात," तो म्हणाला.

समोर एक शाळकरी मुलगी कैरी खात उभी होती, पलीकडे दोन भिक्षू बसले होते, हमाल झोपला होता. अख्ख्या फलाटावर मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून अखिलानं तेच वाक्य आणखी एकदा म्हटलं, या वेळी मोठ्यानं.